चार चाकं आणि एक खडू

मैत्रिणींनो, ब्लाऊजचं माप घेताना आमच्या शिलाईवाल्या काकू एक गोष्ट कधी विसरत नाहीत. "हात वर करा बघू," म्हणतात. हात खाली सोडून उभं राहिलं की काहीही अंगाला बसतं. पंगतीत वाढायला उठलं, वाकलं, की मग काखेत कुठं काचतं ते कळतं. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरी गेल्या दसऱ्याला आमच्या गाडीला नवी चाकं बसली, तेव्हा ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आणि जेव्हा आली, तेव्हा मी तोंड मिटून बसले. त्याचीच ही हकिगत.

आम्ही उचगावला राहतो, कोल्हापूरच्या अगदी कडेला, पुणे-बंगळूर हायवेच्या आवाजात. हे गांधीनगरच्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब बघतात आणि मी सकाळची अर्धवेळ शाळा करते, गणित आणि मराठी. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी स्विफ्ट घेतली, २०१९ची, खालच्या मॉडेलची. म्हणजे साधी लोखंडी चाकं आणि त्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या. त्यातली एक टोपी पहिल्याच पावसाळ्यात कुठंतरी उडून गेली. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते आमच्या धाकट्या भाऊजींना.

भाऊजी शिरोलीच्या एका फौंड्रीत आहेत. तिथल्या फौंड्र्यांतून गाड्यांना लागणारी ओतकामं कुठं कुठं जातात, त्यामुळं गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा रास्त अभिमान! दसऱ्याला ते टेंपोतून चार अलॉयची चाकं घेऊनच आले, टायरांसकट. एका मित्राची वापरलेली, पण चकचकीत. बोनसचे २८ हजार त्यात घातले होते. "दादानं मला शिकवलं, वहिनी. माझ्याकडून एवढं," म्हणाले. सासूबाईंनी चाकांना हळदकुंकू लावलं. गाडी दिसत होतीही देखणी, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळेतून येताना मुलांना मागं बसवलं होतं, शेजारच्या दोघीही होत्या. गतिरोधकावरून गाडी उतरली आणि मागून 'खर्रर्र' असा आवाज आला. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा. घरी येऊन एकटीनं गाडी फिरवली तर काही नाही. मी मनात म्हटलं, रस्त्याची खडी असेल. खरं सांगायचं तर तसं मला वाटलं नव्हतं, मी वाटून घेतलं. एवढ्या हौसेनं दिलेली वस्तू, आणि घरातल्या सुनेनं तिला नाव ठेवायचं? तुमच्यापैकी कितीजणी बोलल्या असत्या?

दिवाळीनंतर एका रविवारी जोतिबाला निघालो. पुढं आम्ही दोघं, मागं सासूबाई, नणंद आणि भाऊजी. मुलं मांडीवर, डिकीत नैवेद्याचे डबे आणि पाण्याचा कॅन. (मुलं मांडीवर घेणं चूक, हे मलाही ठाऊक आहे.) केर्लीहून घाट लागला आणि प्रत्येक वळणावर तो आवाज. भाऊजींनी गाण्याचा आवाज वाढवला. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं! वर पोचल्यावर चपला काढायच्या निमित्तानं मी मागच्या चाकाशी वाकले. मडगार्डच्या आतल्या कडेला काळी भुकटी साचलेली, आणि टायरच्या खांद्याला बोटभर रुंदीची खाच, अख्ख्या गोलाला. एके ठिकाणी आतले धागे दिसत होते. माझे पाय गार पडले. त्या टायरवर माझी दोन्ही पोरं बसली होती.

स्टेपनी जुनीच, लोखंडी होती. ती ह्यांनी तिथंच चढवली. दुसऱ्या बाजूचा टायर नुसता घासला होता, खाच नव्हती, म्हणून सासूबाई, नणंद आणि मुलांना एसटीनं पाठवून आम्ही रिकामी गाडी हळूहळू खाली आणली. वाटेत कुणी बोललं नाही.

त्या रात्री मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. टायरवर आकडे असतात ना, ते आपण कधी वाचत नाही. आमच्या मूळ चाकावर होतं १६५/८० आर १४. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा त्या रुंदीच्या मानानं टायरची उंची, टक्क्यांत. शेवटचा आतल्या रिंगचा व्यास, इंचांत. सातवीच्या मुलीला जमेल असं गणित आहे. १६५चे ८० टक्के १३२. वर एकदा, खाली एकदा, म्हणून २६४. १४ इंच म्हणजे ३५५.६. बेरीज जवळजवळ ६२० मिलिमीटर. हा झाला उभ्या चाकाचा व्यास. नवी चाकं होती २०५/५५ आर १६ची. त्यांची बेरीज ६३२. बारा मिलिमीटरच जास्त, म्हणजे वरच्या बाजूला फक्त सहा. एवढ्यानं काय बिघडतं, असं मलाही वाटलं.

पण खरी गोम रुंदीत. १६५चे २०५ झाले, म्हणजे चाळीस मिलिमीटर वाढले, वीस आत, वीस बाहेर. आणि त्याहून गुपचूप गोष्ट निराळीच. चाक गाडीला जिथं टेकतं ती चकती रिंगच्या बरोबर मध्यावर नसते, थोडी सरकलेली असते. हे सरकणं किती, तो आकडा अलॉयच्या आतल्या बाजूला 'ईटी' या अक्षरांपुढं कोरलेला असतो. त्याला ऑफसेट म्हणतात. आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर येतं: ४५च्या जागी ३५ असेल तर दहा मिलिमीटर. आमचा फरक दहाचाच निघाला. वीस आणि दहा तीस. नव्या टायरची कड तीन सेंटीमीटर बाहेर आलेली! रिकाम्या गाडीत ती मडगार्डखाली डौलानं उभी राहायची. पाच माणसं बसली, स्प्रिंगा दबल्या, की पत्र्याची कड थेट रबरावर.

दुकानात आपण काय बघतो? चार भोकं जुळली की झालं. भोकं जुळायला हवीतच. आमच्या गाडीला चार भोकं, समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर १०० मिलिमीटर. मधलं मोठं भोकही ५४.१चं. अलॉयचं भोक त्याहून मोठं असेल तर मापाची कडी घालून घ्यावी लागते, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. लोखंडी चाकाचे नट अलॉयला चालतीलच असं नाही, तेही विचारून घ्यावं, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून घ्यावेत. पण भोकं जुळणं म्हणजे पत्रिका जुळण्यासारखं आहे. संसार पुढं असतो.

एका दुकानात उपाय सुचवला तो ऐका: "ताई, मडगार्डची आतली कड ठोकून वळवून देतो, तासाचं काम." म्हणजे ब्लाऊज काचतोय तर हात बारीक करा! कोल्हापूरच्या पावसात तिथला रंग उडाला की गंज ठेवलेलाच. मी नको म्हटलं.

भाऊजींशी बोलायचं मात्र राहिलं होतं. दोन रविवार ते चहाला आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी मी ह्यांना पुढं न करता स्वतःच फोन केला. "भाऊजी, आवाज मला पहिल्याच आठवड्यात ऐकू आला होता. मी बोलले नाही, ती माझी चूक." पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "वहिनी, मला बी आला होता."

चाकं विकली, नऊ हजारांचं नुकसान सोसून. ते निम्मं निम्मं वाटून घ्यायला भाऊजी तयार नव्हते. मी ऐकलं नाही. मग नवी निवडायला आम्ही दोघंच गेलो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब छापलेला. तो आधी वाचला. ह्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी स्वतःच १८५/६५ आर १५ देते. गणित मांडलं तर ६२१.५, मूळच्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त. तेच घेतलं, ऑफसेट मूळ चाकाच्या जवळचा, आयएसआयचा शिक्का बघून. विमा कंपनीलाही कळवलं, कारण बाहेरून बसवलेली वस्तू कळवल्याशिवाय विम्यात धरत नाहीत.

आणि पैसे देण्याआधी परीक्षा घेतली. शाळेतला खडू माझ्या पर्समध्ये असतोच. चारी मडगार्डच्या आतल्या कडेला जाड रेघ ओढली. दुकानातली दोन पोरं, भाऊजी आणि मी, शिवाय दुकानदारालाही आग्रहानं मागं कोंबलं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं, एक चाक विटेवर चढवून उतरवलं, मग दोन गतिरोधक. उतरून पाहिलं. खडू पुसला असता तर तिथं चाक लागतंय असं समजायचं. चारी रेघा जशाच्या तशा होत्या. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं."

ती खाच पडलेली टायर परसात आहे. सासूबाईंनी तिच्यात माती भरून आळू लावलाय.

परवा भाऊजींचा फोन आला, दुकानातूनच. त्यांच्या मित्राला चाकं घ्यायची होती. "वहिनी, सतरा इंची मस्त दिसतायत. घेऊ दे का त्याला?"

"दाराच्या चौकटीवर काय लिहिलंय, ते आधी वाचून दाखवा," मी म्हटलं, "आणि तिथं खडू आहे का विचारा."