घाई नसलेला कॅमेरा

या आठवड्यात चैतन्य ताम्हाणेचे दोन्ही सिनेमे पाहिले. 'कोर्ट' (2014) अजूनही अंगावर येतो. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील दिवसभर लोकशाहिराला तुरुंगात ठेवायला झटते आणि संध्याकाळी लोकलने घरी येऊन निमूट स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही, हीच खरी भीती! 'द डिसायपल'मध्ये शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकलवर आपल्या गुरूंच्या गुरू माईंचं रेकॉर्डिंग ऐकत जातो. माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा. साधना म्हणून मिरवलेल्या हट्टाची इतकी निर्दय तपासणी मराठीत क्वचितच झाली असेल. मग 'पंचायत' या वेबमालिकेचे नवे भाग लावले. पहिल्या पर्वात साधी चाकाची खुर्चीसुद्धा भांडण पेटवायची. आता निवडणुकीच्या राजकारणाने फुलेरा गावातली गंमतच खाल्लीय. तरी नीना गुप्तांसाठी बघेनच.