कोर्लई: मागे राहिलेल्यांचं गाव

रेवदंड्याचा पूल ओलांडताना कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेला लांबट डोंगर दिसतो. माथ्यावर कोर्लईचा किल्ला, पायथ्याशी खाडीच्या अंगाला कोर्लई गाव. पर्यटकांच्या गाड्या गावातून तशाच पुढे दीपगृहाकडे जातात. मी आलो होतो ते गावासाठी. पण गाव समजायला आधी किल्ला चढायला हवा.

दीपगृहामागून पायऱ्या वर जातात. माथा इतका चिंचोळा की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी. तोफा, पोर्तुगीज अक्षरं कोरलेला दगड, छप्पर उडालेलं प्रार्थनाघर. तटाशी उभं राहिलं की पलीकडे माडांत बुडालेला रेवदंड्याचा कोट, म्हणजे पोर्तुगिजांचं चौल, दिसतो, आणि भांडण कशाचं होतं ते लगेच कळतं. पोर्तुगीज 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने तिथे कोट बांधू लागले. पुढे निजामशाहीनेच त्यांना शह द्यायला या डोंगरावर तटबंदी उभारली. 1594 मध्ये पोर्तुगिजांनी ती जिंकली. 1739 मध्ये वसई पडली आणि 1740 च्या तहाने चौलसह हा किल्लाही मराठ्यांकडे आला.

इतिहासाची पुस्तकं इथे थांबतात. गावाची गोष्ट मात्र इथूनच सुरू होते. अधिकारी, सैनिक, वरच्या जातींतले ख्रिस्ती निघून गेले. मागे राहिली ती खालच्या जातींतून ख्रिस्ती झालेली कुटुंबं. दुसरीकडे नव्याने बस्तान बसवायला त्यांच्याकडे ना वतन होतं ना वशिला, असं मला वाटतं. ज्यांच्या धर्मात ती आली होती ते गेले. ती डोंगराच्या पायथ्याशी शेती करत टिकली. चौलच्या सगळ्या उलाढालीत मला सर्वांत मोठी वाटते ती ही चिकाटी.

उतरून गावात शिरलो. माउंट कार्मेलच्या चर्चजवळ एक आजी नातवाला रागावत होत्या. एक शब्द कळेना, तरी वाक्याची चाल ओळखीची वाटत होती. मला पाहून त्या अस्सल रायगडी मराठीत म्हणाल्या, “या, बसा सावलीला.” नातवाशी त्या बोलत होत्या ती क्रिस्ती बोली: शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. शेजारच्या हिंदू-मुसलमानांपासून धर्माने आणि वसई-गोव्याच्या ख्रिस्ती समाजापासून अंतराने ही माणसं वेगळी पडली. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी बोली जगली ती त्या एकटेपणामुळे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर 1996 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं.

आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. एकटेपण सरलं ते बरंच झालं: मुलं मराठीत शिकतात, नोकरीला मुंबई गाठतात. पण जुनी गाणी येणारी माणसं थकत चालली आहेत. परदेशी अभ्यासक इथवर येऊन ती टिपून घेतात. आपल्या मराठी विभागांनीही ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन इथे यावं आणि ते याच पिढीच्या हयातीत यावं.