मडगार्ड कापण्याआधी

जपानी गाडीचं बॉडी किट मी चाकाच्या कमानीपासून बघायला घेतो. बंपर, बाजूचे स्कर्ट, मागचा स्पॉयलर हे सगळं नंतर. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो, कमानीची कडा टायरपासून किती अंतरावर आहे, आतला पत्रा नीट कापलाय की ठोकून नुसता वाकवलाय, एवढं पाहिलं की त्या किटबद्दलचं माझं बरंचसं मत तिथेच तयार होतं. भोसरीत फायबरचे साचे करण्यात माझा जन्म गेला आहे. न्यूझीलंडमधली, दुबईतली मराठी मुलं आपल्या सिल्व्हियाचे, स्कायलाइनचे फोटो पाठवतात, ‘काका, हे किट कसं वाटतं?’ विचारतात, तेव्हा मी पहिला फोटो चाकाच्या कमानीचा मागतो.

कारण हे सगळं प्रकरण चाकापासूनच सुरू झालं. वळणावर पकड हवी म्हणून रुंद टायर, रुंद टायर पत्र्याच्या बाहेर येतो म्हणून वाढवलेली कमान. निस्साननं १९७० मध्ये दोन दरवाजांची स्कायलाइन जीटी-आर आणली, तिच्या मागच्या चाकांवर अशा जोडकमानी होत्या. १९७१ ची फेअरलेडी २४०झेडजी तर चारही चाकांवर कमानी आणि लांबवलेलं नाक घेऊन थेट शोरूममध्ये आली. १९७३ च्या स्कायलाइन जीटी-आरच्या कमानीही वरून जोडलेल्याच. तशा गाड्या जेमतेम १९७ तयार झाल्या. म्हणजे आज ज्याला आपण बाहेरून आणून बसवलेलं किट म्हणतो, त्याची रेषा मुळात कारखान्यातच आखली गेली. कमानीवर उघडे दिसणारे बोल्ट मला म्हणूनच आवडतात. शर्यतीत कमान फुटली तर काढून दुसरी लावता यावी, ही गरज त्यात उघड दिसते.

पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फुजीच्या ट्रॅकवर ‘सिल्हूट’ वर्गातल्या शर्यतीच्या गाड्या धावल्या. मासाहिरो हासेमींची लाल-काळी टोमिका स्कायलाइन त्यातली सगळ्यात लाडकी. पुढचा बंपर जवळजवळ जमिनीला टेकलेला, मडगार्ड चौकोनी आणि दरवाजाच्याही बरेच बाहेर आलेले. तसा घाट रस्त्यावरच्या पोरांनी आपापल्या जुन्या गाड्यांना दिला. नागोयाजवळ ‘लिबर्टी वॉक’ चालवणारे वातारू कातो याच रस्त्यावरच्या परंपरेतून आले, आणि त्यांनी आर३४ स्कायलाइन व एस१५ सिल्व्हियासाठी केलेल्या किटमध्ये ती सिल्हूट गाडी सरळ दिसते. काहींना हे भडक वाटतं. मला त्यात कातोंनी आपल्या तरुणपणाशी राखलेलं इमान दिसतं.

कायद्याचाही यात मोठा हात आहे. जपानात ४,७०० मिमी लांबी, १,७०० मिमी रुंदी आणि २,००० सीसी या मर्यादेतली पेट्रोल गाडी लहान गटात मोडते. त्या गटात राहण्यासाठी कंपन्या गाड्या अरुंद ठेवत. टोयोटाच्या एई८६ ची रुंदी १,६२५ मिमी, निस्सानच्या एस१३ सिल्व्हियाची १,६९०. एस१४ रुंद होऊन १,७३० वर गेली, आणि एस१५ पुन्हा १,६९५ वर आली. कंपनीच्या इंजिनीअरला चाकं बाहेर सरकवायला जी जागा मिळाली नाही, ती किटवाल्यांनी मिळवली. १९९५ मध्ये सरकारनं बदलांचे नियम सैल केले आणि या धंद्याला बळ आलं. तरी रुंदी २० मिमीपेक्षा जास्त वाढली, तर गाडीची नव्यानं तपासणी करून कागदपत्रं बदलावी लागतात.

आता माझ्या कामाचं. कमान साच्यातून निघते, आणि साचा निघतो मूळ नमुन्यावरून. तो नमुना हातानं करायचा म्हणजे फोम तासायचा, लांबी भरायची, पॉलिशपेपर मारायचा, पुन्हा लांबी भरायची. डावी बाजू मनासारखी झाली की तशीच उजवी करण्यात खरी परीक्षा असते. क्योतोच्या केई मिउरांनी इथे मोठा फरक पाडला. त्यांनी गाडी थ्रीडी स्कॅन केली, कमान संगणकावर काढली आणि नमुना सीएनसी मशीनवर कोरून घेतला. २०१२ मध्ये टोयोटा ८६ आली आणि मिउरांचं ‘रॉकेट बनी’ किट जगभर गेलं. त्यांची कमान पत्र्यावर सगळीकडून सारखी बसते, यामागे हे मोजमाप आहे.

नकली किटचं दुखणंही साच्यातच असतं. नक्कल करणारा अस्सल बंपर विकत आणतो आणि त्याच्यावरूनच साचा ओढतो. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. आतली काचेची मॅट त्याला बरीच धरून ठेवते, पण पूर्ण नाही. हजारात दोन भाग आकसला असं धरलं, तरी १,७०० मिमीच्या बंपरमध्ये जवळजवळ साडेतीन मिमी कमी होतात. त्या नकलेवरून कुणी आणखी साचा काढला की आणखी तेवढेच गेले. शिवाय घाईत हार्डनर जास्त टाकला, की माल तापतो, वाकतो आणि कडेला तडे जातात. मग पेंटर फटीत लांबी भरत बसतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ती लांबी सुटते. स्वस्तात घेतलेल्या किटची अशी दशा होताना पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं. पैसे जातात ते जातातच, पण ज्यानं मूळ रेषा काढायला महिनोन् महिने घातले, त्याचंही नाव खराब होतं.

व्हेलसाइडच्या ‘फॉर्च्यून’ किटला मात्र माझा चाकाचा नियम लावू नये. माझदाच्या आरएक्स-७ वरचं ते किट २००६ च्या ‘टोकियो ड्रिफ्ट’ सिनेमामुळे घराघरांत पोचलं. वर उचलले जाणारे दिवे जाऊन तिथे पक्के दिवे आले, आणि मडगार्डची नवी फुगीर वळणं मूळ गाडीत पूर्ण विरघळली. ते शिल्पकाराचं काम आहे.

आता प्रत्यक्ष कापण्याचं. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं. नाही आवडलं तर जुनं परत लावता येतं. मागचं तसं नाही. ते गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेलं असतं आणि तिथे पत्र्याचे दोन थर असतात, बाहेरचा आणि चाकाच्या पोकळीचा. कापल्यावर दोन्हींमधली फट उघडी पडते. ती तशीच ठेवून वर कमान लावली, तर पाणी आणि चिखल आत जातो, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून गंजत राहते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करता येत नाही, आणि मी तो करूनही देत नाही. न्यूझीलंडमध्ये त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते आधी विचारून घ्या, असं मी तिथल्या मुलांना सांगतो.

परवानगी असेल, तर आधी चाकं आणि टायर आणावेत, सस्पेन्शन ज्या उंचीवर ठेवायचं आहे तिथे बसवावं, आणि मगच पत्र्यावर खूण करावी. कापल्यावर दोन्ही थर ठोकून एकमेकांना भिडवायचे, वेल्ड करायचे, प्राइमर आणि सीलर लावायचा, आतून मेण मारायचं. कमान रंगवण्याआधी एकदा नुसत्या बोल्टवर लावून पाहायची, आणि तीही गाडी जॅकवर नसताना, स्वतःच्या वजनानं चाकांवर उभी असताना.