दिवाडीवरील एक जुने घर

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की मांडवीचे पात्र ओलांडून थोड्याच वेळात दिवाडी बेट लागते. खाजणांमधून जाणारा रस्ता पुढे चढू लागतो आणि टेकडीच्या माथ्यावर पिएदादचे शुभ्र चर्च दृष्टीस पडते. येथील कित्येक जुन्या घरांना आज कुलूप आहे. घरची माणसे मुंबईस, आखातात वा पोर्तुगालात गेलेली. अशाच एका घरावर आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे मन जडले होते. पदरी आखातातील कष्टाची पुंजी. सौद्यापूर्वी घर पारखावे म्हणून एक वृद्ध सुतार व एक गवंडी ह्यांना घेऊन आम्ही सर्वजण भर आषाढात तेथे गेलो.

उन्हाळ्यात रंगाचा एक हात पुष्कळ दोष झाकतो. पावसाला ती भीड नसते. शिंपल्यांच्या खिडक्या पाहून घरधनीण हरखून गेली, पण गवंड्याचे लक्ष भिंतीच्या पायथ्याकडे होते. चिरा जमिनीतील ओल वर ओढतो. जुना चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, तर कोणीतरी मागाहून चढविलेला सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो. तो सर्व खरवडावा लागणार होता. सुतार माळ्यावर चढला. मंगळुरी कौले शाबूत होती. मात्र आढ्याचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे पटाशी लावताच ती मुठीपर्यंत आत गेली. वाळवी! “पाद्रींना घर आशीर्वादायला मागाहून बोलवा,” तो म्हणाला, “आधी हे आढे बदला.”

कागदांची पारख अधिक कठीण. विकणाऱ्याजवळ घरपट्टीची पावती होती. तिने मालकी सिद्ध होत नाही. एक-चौदाचा उतारा, नकाशा आणि पोर्तुगीज काळच्या नोंदवहीतील दिस्क्रिसांव ही ताडून पाहावी लागली, तेव्हा दोन बहिणींची नावे निघाली. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. शिवाय विवाहित वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. एक बहीण लिस्बनला आहे.

परसात फणसाखाली एक झोपडी होती. “म्हातारी आज ना उद्या जाईल,” असे दलाल सहज बोलून गेला. ते आम्हांस मुळीच रुचले नाही. ती विधवा मुंडकार; १९७५च्या कायद्याने घर विकले गेले तरी तिला हुसकून लावता येत नाही, उलट राहते घर व त्याखालील जागा विकत घेण्याचा हक्क तिला आहे. घेणारा गृहस्थ मात्र तिच्या ओट्यावर जाऊन बसला. “मावशी, तुमची हद्द कोठवर?” म्हणून त्याने विचारले. तिने काठीने विहिरीपलीकडचा माड दाखविला.

मोजणीदाराने त्या माडापाशी खूण केली आहे. छपराच्या खर्चापुरती किंमत उतरली. लिस्बनहून मुखत्यारपत्र येईपर्यंत बयाणा द्यावयाचा नाही, असे ठरले.