ओहोटीच्या वेळेचं बेट

मॉरिशसहून पूर्वेला दीडेक तास उडालं की हिंद महासागरात रॉड्रिग्ज लागतं. जेमतेम 108 चौरस किलोमीटरचं बेट, सुमारे 44 हजार माणसं, आणि भोवती प्रवाळाच्या कड्यानं अडवून धरलेलं उथळ पाण्याचं खाजण. त्या पाण्याचा पसारा बेटाच्या जवळजवळ दुप्पट. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्यांची मराठी घरं आहेत. रॉड्रिग्ज मात्र मुख्यतः आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचं, क्रिओल बोलणारं, रविवारी चर्चला जाणारं बेट.

पाठीवर पिशवी घेऊन हिंडायला याहून मोकळी जागा मी पाहिली नाही. सँ फ्राँस्वाच्या सुरूच्या बनातून निघालं की पायवाट दक्षिणेला कड्याकड्यानं जाते. मध्येच दोन खडकांच्या कुशीत त्रू दार्जांची इवलीशी पुळण दिसते. वाटेत शेळ्या भेटतात, आणि आपल्या केवड्याचा भाऊबंद असलेला वाकोआ. त्याच्या पात्यांच्या टोप्या आणि टोपल्या विणतात. राहायला कुणाच्या तरी घरातली खोली मिळते. जेवायला घरच्यांच्याच टेबलाशी बसायचं: राजमा, मका, ऑक्टोपसचं कालवण आणि बारीक मिरचीचं लोणचं. ते लोणचं मालवणी जिभेलाही विचार करायला लावतं.

इथली माणसं निवांत, असं येणारा प्रत्येकजण म्हणतो. ते खरंच आहे. ‘कि मान्येर?’, म्हणजे ‘कसं काय?’, विचारून माणूस उत्तरासाठी थांबतो. पोर्ट मातुरँचा शनिवारचा बाजार उजाडण्याआधी भरतो आणि सकाळी दहाच्या सुमाराला आवरतो. त्यानंतर गावाला घाई नसते. पण या निवांतपणाला आळस समजणाऱ्यांशी मला भांडावंसं वाटतं. तो कमावलेला आहे, आणि त्याची किंमत इथले लोक मोजतात.

ओहोटी लागली की बायका खाजणाकडे निघतात. पायात बूट, डोक्यावर टोपी, हातात लोखंडी टोकाची काठी. गुडघाभर पाण्यात वाकून, प्रवाळाच्या कपारीत दडलेला ऑक्टोपस हेरायचा. तो दगडाचा रंग घेतो, त्यामुळे नजर मुरायला वर्षं जातात. ओहोटीची वेळ रोज सरकते, तसा या बायकांचा दिवसही सरकतो. दुपारी दारात गप्पा मारत बसलेली बाई पाहुण्याला रिकामी वाटते. तिचं काम ओहोटीबरोबरच उरकलेलं असतं. किनाऱ्यावर दांड्यांना टांगलेले ऑक्टोपस उन्हात वाळत असतात, तो तिच्या सकाळचा हिशेब.

हा ऑक्टोपस एकेकाळी कमी होत चालला होता. मादागास्करच्या वेझो कोळ्यांनी 2004 मध्ये काही काळ पकड थांबवून पाहिली होती. रॉड्रिग्जनं 2012 मध्ये तेच केलं: ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने सबंध खाजण बंद. ऑक्टोपस भराभर वाढतो, म्हणून दोन महिने कळ सोसण्याला अर्थ येतो. त्या काळात कोळ्यांना किनारा साफ करण्यासारखी मजुरीची कामं मिळाली. आपल्याकडेही जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण तेव्हा समुद्रच खवळलेला असतो. इथे समोर शांत, स्वच्छ, गुडघाभर पाणी असतं, ऑक्टोपस हाताच्या अंतरावर असतो, आणि थांबायचं असतं. चोरून जाणारे असतातच. तरी बहुसंख्य थांबतात.

न थांबल्याचं फळ या बेटानं भोगलं आहे. फ्राँस्वा लगा हा फ्रेंच निर्वासित 1691 मध्ये सोबत्यांसह इथे उतरला, दोन वर्षं राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की कासवं इतकी दाट होती की त्यांच्या पाठींवर पाय देत शंभरावर पावलं जाता येई. डोडोच्या जातकुळीतला सॉलिटेअर पक्षीही मुख्यतः त्याच्या वर्णनामुळे आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या शतकात गलबतांनी जिवंत मांसाचा साठा म्हणून कासवं भरभरून नेली. ती गेली, पक्षीही गेला. आज लगाच्या नावाच्या अभयारण्यात आल्दाब्राहून आलेल्या वंशाची कासवं वाढवतात. त्यातल्या एकाच्या मानेवर मी हात ठेवला, तेव्हा आनंद झाला आणि लाजही वाटली.

या बेटाला स्वर्ग म्हणणं मला पटत नाही. पाण्याची टंचाई कायमची, छपरांजवळ टाक्या, आणि शिकलेली पोरं कामासाठी मॉरिशस गाठतात. पण संध्याकाळी कुणाच्या अंगणात सेगा तांबूर सुरू झाला की म्हाताऱ्या बायका ढोलाला भिडतात, एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. गुलामगिरीतून आलेलं हे गाणं-नाचणं 2017 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं. अंगणाला त्याची वेगळी खबर नसावी, इतकं ते रोजचं आहे.

माझ्या यजमानीण बाई ऑक्टोपस पकडण्यातच म्हाताऱ्या झालेल्या. त्यांच्या लेकीला दुभाषी करून मी विचारलं, “बंदीच्या दिवसांत एखाद्या पहाटे जावंसं नाही वाटत? कोण बघतंय?”

त्यांनी कालवण वाढता वाढता उत्तर दिलं, “माझी जाऊ बघते. ती पण थांबलेली असते ना!”

आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली.