सरस

बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. मधल्या काळात नोकरी सोडून इटलीत क्रेमोनाला आलो, व्हायोलिन आणि चेलो बनवायला शिकतोय. घरच्यांना ठाऊक आहेच. ब्लॉगवाल्या मंडळींसाठी: अफवा नाही, खरं आहे :)

बेचाळिसाव्या वर्षी हे कुठून सुचलं? आजोबांच्या व्हायोलिनमुळे. एका पावसाळ्यात त्याची वरची फळी कडेने सुटली. दुरुस्तीला दिलं, तर एकाने सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने ती एकदम पक्की चिकटवून दिली. तिसऱ्या उन्हाळ्यात फळी उभी तडकली.

का तडकली, ते इथे कळलं. वरची फळी बरगड्यांवर बसवतात ती सरसाने, जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या. आणि तोही मुद्दाम पातळ करून! हवा बदलली की लाकूड फुगतं, आकसतं. ताण आला तर सांधा सुटावा, लाकूड फुटू नये, ही त्यातली मेख. सुटलेला सांधा पुन्हा चिकटवता येतो. शिवाय उद्या कुणाला आतलं काम करायचं असेल, तर पातळ सुरी घालून वाद्य उघडता आलं पाहिजे. स्ट्रॅडिव्हरी १७३७ साली गेला. त्याच्या बहुतेक व्हायोलिनांची मान आणि आतली बास बारची पट्टी नंतरच्या कारागिरांनी बदललेली आहे. ती उघडता आली म्हणून आज वाजतात. लोक मात्र व्हार्निशच्या गुपिताबद्दल बोलतात. असो.

बाकी शिकणं म्हणजे बरंचसं खरवडणं. अंगठ्याएवढे रंधे, मग स्क्रेपर, मग पुन्हा मोजणं. स्प्रूसची फळी तीन मिलिमीटरच्या आसपास आणायची. मेपलच्या बरगड्या जेमतेम मिलिमीटरभर. त्या ओल्या करून तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या. एका व्हायोलिनला दोनशे तास तरी जातात. हा हिशेब बाबांनी कागदावर मांडून दाखवला होता. वर म्हणाले, "वाद्यंच करायची होती तर सांगलीहून मिरज दहा किलोमीटरवर होतं." खरं आहे. तिथे तंबोरे करणाऱ्यांच्या पिढ्या झाल्यात, आणि माझ्या गाठीशी दोन वर्षांची शिल्लक आहे. त्यापुढचं उत्तर माझ्याकडे नाही. सहा महिने बाबांचे निरोप आईमार्फतच येत होते.

गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन केला. "अण्णांचं व्हायोलिन उघडेल का रे?"

म्हटलं, उघडेल, पण त्या गोंदाबरोबर लाकडाच्या ढलप्या निघतील.

"निघू देत," म्हणाले.

सध्या पहिला चेलो हातात आहे. फळी व्हायोलिनच्या दुपटीहून लांब, त्यामुळे सरस गार व्हायच्या आत सगळे शिकंजे लागायला हवेत. एकट्याचे हात पुरत नाहीत. शेजारच्या बाकावरचा मुलगा उद्या सकाळी येतो म्हणालाय. सरस आत्ताच भिजत घातलाय.