रस्त्यावर न आलेली गाडी

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं नववीच्या वर्गांतील भूमितीच्या वह्या तपाशीत असतां एका वहीच्या शेवटच्या पानावर माझी दृष्टि खिळली. तेथें प्रमेयाऐवजीं एक मोटारगाडी काढलेली होती. पुढें निमुळती, दोनच दारांची आणि बसक्या छपराची. वहीच्या मालकास उभें करून मीं विचारलें, "भूमितीशीं याचा संबंध काय?" तो मान खालीं घालून म्हणाला, "सर, ही शर्यतीची गाडी आहे. पण हिची आंतली बैठक दुमडते. मग आजीला आडवें निजवून दवाखान्यांत नेतां येईल."

वर्ग हंसला. लाज वाटते, पण मीही हंसलों. शर्यतीची गाडी आणि रुग्णाची खाट एकत्र नांदत नाहींत, असें सांगून मीं त्यास तें पान फाडावयास लाविलें. त्यानें मुकाट्यानें फाडलें.

पुढें पालकसभेच्या दिवशीं त्याच्या वडिलांशीं सहज बोलणें निघालें, तेव्हां कळलें कीं, उन्हाळ्यांत त्याच्या आजीच्या मांडीचें हाड मोडलें होतें. गांवाहून दवाखान्यापर्यंत सारी वाट तिला भाड्याच्या गाडींत मागील बैठकीवर पाय मुडपून आणावें लागलें, आणि हा मुलगा तिचें डोकें मांडीवर घेऊन बसला होता. त्या रात्रीं मला नीट झोंप लागली नाहीं. मुलाची कल्पना खरोखरच हास्यास्पद होती काय, हें पाहण्याकरितां मीं या विषयाचें वाचन सुरू केलें; आणि माझें हंसणेंच हास्यास्पद ठरलें.

दोन दारांच्या बसक्या गाडीस 'कूपे' म्हणतात. शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'कापलेली' असा आहे. घोडागाडीची एक बैठक कापून टाकून ती आंखूड केली, तेव्हां हें नांव पडलें. आपल्या आगगाडीच्या पहिल्या वर्गांतील दोघांच्या लहान डब्यासही आपण कूपेच म्हणतों. म्हणजे कूपे ही जात्याच थोडक्यांची गाडी. तिच्यांत जागा मागणें म्हणजे उंसाच्या कांडक्यांत बिऱ्हाड थाटणें, असें कोणासही वाटेल.

परंतु स्वीडन देशांतील 'साब' या कंपनीस तसें वाटलें नाहीं. ही कंपनी 1937 सालीं विमानें बांधण्याकरितां निघाली. महायुद्ध संपत आल्यावर तिनें मोटारीकडे लक्ष वळविलें. गुन्नार ल्युंगस्ट्रॉम हा यंत्रविशारद आणि सिक्स्टन सासोन हा चित्रकार यांनीं पहिल्या गाडीची आंखणी केली आणि 1949 च्या अखेरीस ती गाडी कारखान्यांतून बाहेर पडूं लागली. विमानांत वावभर जागा कोणी वायां घालवीत नाहीं. तीच शिस्त या लोकांनीं मोटारींत आणिली.

त्याच कंपनीनें 2001 सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत 'नाइन-एक्स' नांवाची एक कल्पना-गाडी मांडली. त्या वेळीं तेथील आकृतिरचनेचा प्रमुख मिखाएल माउअर हा होता. गाडी दिसावयास वेगवान कूपे, चारही चाकांना शक्ति पोंचविणारी; पण तिचीं रूपें चार. छपराच्या कांचा दूर केल्या कीं ती उघडी गाडी होई. मागील बैठक दुमडली कीं आंत सामानाची प्रशस्त जागा निघे. मागील कांच सरकवून तळाची फळी बाहेर ओढली कीं मालवाहू गाडी तयार! ज्या दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहींत असें मीं वर्गांत ठासून सांगितलें होतें, त्या तेथें चौघींसह एका छपराखालीं नांदत होत्या.

अशी गाडी सोपी मात्र नाहीं. पक्कें छप्पर पेटीच्या झांकणाप्रमाणें सांगाड्यास बळकटी देतें. तें सुटें केलें कीं खड्ड्यांत गाडी पिळवटूं लागते. तें टाळावें तर तळ आणि दारांखालील तुळया जाड कराव्या लागतात, आणि मग वजन वाढून वेग घटतो. प्रत्येक बिजागरी आणि प्रत्येक सरकती फळी खडखडण्याची आणि पाणी गळण्याची नवी वाट उघडते. एक सोय द्यावी तर दुसरीकडून किंमत मोजावी लागते. रचनाकाराचें सारें कौशल्य या हिशेबांत आहे.

आणि एवढें करून ती गाडी विक्रीस कधींच आली नाहीं. पुढें 2011 च्या डिसेंबरांत साबच्या मोटार-कारखान्याचें दिवाळें निघालें. मग हा खटाटोप व्यर्थ म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें अगोदर बसून खर्चाचा अंदाज करावा, असा प्रभूचा एक दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. कल्पना-गाडी म्हणजे हें अगोदरचें बसणेंच होय. अमेरिकेंत हार्ले अर्ल यानें 1938 सालीं 'वाय-जॉब' नांवाची अशी एक गाडी केली. तेव्हांपासून आजवर अशा कित्येक गाड्या झाल्या आणि बहुतेक रस्त्यावर आल्या नाहींत. पण काय साधेल आणि काय साधणार नाहीं, हें त्यांनीं दाखविलें.

एवढें समजल्यावर मीं त्या मुलास बोलावून त्याची क्षमा मागितली आणि तेंच चित्र पुन्हां, परंतु प्रमाणांत, काढावयास सांगितलें. त्यानें दोरीनें आजीची उंची मोजली. "माझ्या पेटीचें माप घेतोस कीं काय रे?" असें म्हणून म्हातारी खूप हंसली, असें त्यानें मला सांगितलें. माप भरलें चार फूट दहा इंच. मागील बैठक दुमडून एवढी लांबी मिळेना, म्हणून पुढील एक बैठकही दुमडावी लागली. पाठ किती अंशांतून फिरावी हें काढण्याकरितां कोनमापक घ्यावें लागलें. भूमितीशीं याचा संबंध काय, या माझ्या प्रश्नाचें उत्तर मला असें मिळालें.

चित्र अद्याप पुरें झालेलें नाहीं. निजलेल्या माणसास सुरक्षिततेचा पट्टा कसा बांधावा, हा पेंच मीं त्याच्यापुढें ठेविला आहे. तो अद्याप त्यास सुटलेला नाहीं आणि मलाही सुटलेला नाहीं. ती गाडी होईल असें मी म्हणत नाहीं. परंतु पालकहो, आपल्या मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर असें कांहीं आढळलें, तर तें फाडण्यापूर्वीं तें कोणासाठीं काढलें आहे, एवढें त्यास अवश्य विचारा. मीं तें विचारण्यास फार उशीर केला.